द गुड, द बॅड अँड द अग्ली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्जिओ लिओनेच्या १९६६ च्या या सिनेमाबद्दल पहिल्यांदा बघणारे आणि विसाव्यांदा बघणारे, दोघेही फिरून फिरून हेच विचारतात. चौथ्या प्रश्नापासून कथेतली गुपितं, शेवटासकट, उघड केली आहेत. सिनेमा बघितला नसेल तर तिथे थांबा, बघून या, मग पुढचं वाचा.

कथा नेमकी काय आहे?

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना दोन लाख डॉलरचं सोनं एका कबरीत पुरलेलं आहे आणि तीन बंदूकबाज त्याच्या मागावर आहेत. ब्लाँडी (क्लिंट ईस्टवुड), एंजल आइज (ली व्हॅन क्लीफ) आणि टुको (इलाय वॉलक). कथेची खरी किल्ली मात्र माहितीच्या वाटणीत आहे. टुकोला कब्रस्तानाचं नाव कळतं, कुठल्या थडग्याखाली खणायचं ते कळत नाही. ब्लाँडीला थडग्यावरचं नाव कळतं, कब्रस्तान कुठलं ते माहीत नाही. एंजल आइजकडे सुरुवातीला फक्त एका माणसाचं नाव असतं. एकमेकांचा गळा घोटायला टपलेले हे तिघे एकमेकांना जिवंत ठेवतात ते एवढ्यासाठीच. कुठल्याही प्रसंगात गोंधळ झाला तर स्वतःला एकच विचारा: या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे? सगळं जागेवर येतं.

आधीचे दोन भाग बघायलाच हवेत का?

नाही. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) आणि 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोर' (१९६५) या दोघांशी याला जोडतात ते ईस्टवुडमुळे, त्याच्या पेहरावामुळे आणि दिग्दर्शक-संगीतकाराच्या जोडीमुळे. कथा स्वतंत्र आहेत. उलट काळाच्या हिशेबानं हा तिसरा भाग सगळ्यात आधी घडतो: हा १८६२ च्या आसपासचा, तर पहिल्या भागातल्या एका थडग्यावर १८७३ साल आहे. ईस्टवुडचा प्रसिद्ध पोंचोही (डोक्यातून घालायची घोंगडी) या सिनेमात तो अगदी शेवटाकडे अंगावर चढवतो. एक सावधगिरी: व्हॅन क्लीफ दुसऱ्या भागात सज्जन कर्नल आहे आणि इथे थंड रक्ताचा मारेकरी. दोघांचा काही संबंध नाही.

कोणती आवृत्ती बघावी? दोन तास ४१ मिनिटांची की तीन तासांची?

यावर रसिकांत हाणामारी होते, पण उत्तर फार अवघड नाही. इटलीत डिसेंबर १९६६ मध्ये आलेला सिनेमा तीन तासांना थोडा कमी होता. वर्षभरानं अमेरिकेत लागला तेव्हा कापून सुमारे १६१ मिनिटांचा केला, आणि जगातल्या बहुतेकांनी तोच पाहिला. २००३ मध्ये कापलेले प्रसंग परत जोडून १७९ मिनिटांची इंग्रजी आवृत्ती काढली गेली. या प्रसंगांचं इंग्रजी ध्वनिमुद्रण कधी झालंच नव्हतं, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या ईस्टवुडनं आणि ८७ वर्षांच्या वॉलकनं स्वतःच्याच तरुण तोंडांना आवाज दिला. व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच वारला होता, त्याच्यासाठी दुसरा कलाकार घेतला. फरक कानाला लगेच कळतो: मध्येच टुकोचा आवाज म्हातारा होतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा तरुण.

आमचं मत: पहिल्यांदा १६१ मिनिटांची बघा. त्यात दोन जागी थोडा खड्डा जाणवेल. हॉटेलावर टुकोबरोबर चालून आलेले तिघे कुठून उगवले ते कळत नाही, आणि एंजल आइज अचानक उत्तरेकडच्या फौजेच्या कैदी छावणीत सार्जंट म्हणून दिसतो. लांब आवृत्तीत पहिल्याचं उत्तर गुहेतल्या प्रसंगात मिळतं (टुको कोंबडी घेऊन येतो आणि अंधारात बसलेल्या जुन्या साथीदारांना ऐकू जाईल असं मोठ्यानं बडबडतो), दुसऱ्याचं उद्ध्वस्त किल्ल्यातल्या सैनिकांच्या प्रसंगात. किल्ल्याचा प्रसंग उपयोगी आहे. गुहेचा नाही, आणि तो लिओनेनं स्वतःच रोममधल्या पहिल्या खेळानंतर काढून टाकला होता. दिग्दर्शकानं फेकलेलं परत चिकटवण्यात काय मिळवलं, हा प्रश्न उरतोच.

आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे हाच गुहेचा प्रसंग: तो असेल तर २००३ ची. नुसत्या मिनिटांवर विसंबू नका. जुन्या पाल (युरोप आणि भारतातली टीव्ही प्रणाली) पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळतं, त्यामुळे १६१ मिनिटांचा सिनेमा तिथे सुमारे १५५ मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं, फक्त वेग चार टक्के वाढलेला असतो आणि संगीतही किंचित वरच्या पट्टीत जातं.

माझ्याकडच्या प्रतीत सगळं पिवळं दिसतं. टीव्ही बिघडलाय का?

टीव्ही ठीक आहे. २०१४ मध्ये बोलोन्याच्या प्रयोगशाळेत सिनेमाचं ४के पुनरुज्जीवन झालं, त्यात चित्र सुंदर स्वच्छ झालं पण सगळ्यावर पिवळसर छटा चढली. आकाश निळं दिसायच्या ऐवजी हळदीचं बोट लागल्यासारखं दिसत असेल तर प्रत तीच. टीव्हीचं रंगतापमान 'कूल'कडे सरकवून थोडा आराम पडतो, पण मग कातडीचे रंग निर्जीव होतात, तेव्हा फार छेडछाड नको. २०१७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ब्लू-रेमध्ये रंग बऱ्यापैकी ताळ्यावर आणले आहेत आणि लहान-मोठ्या दोन्ही आवृत्त्या आहेत.

आवाजाचंही तसंच. निवडायची सोय असेल तर '५.१' (बहुवाहिनी) सोडा आणि 'मोनो' (एकवाहिनी) लावा. बहुवाहिनी आवाज तयार करताना बंदुकीच्या बारांचे आवाज बदलले गेले. मूळ मोनोतला बार कोरडा, मोठा आणि घुमणारा आहे, आणि या सिनेमात बार हे जवळजवळ वाद्यच आहे.

ओठांची हालचाल आणि शब्द जुळत का नाहीत?

कारण सेटवर आवाज ध्वनिमुद्रित केलाच नव्हता. त्या काळच्या इटालियन सिनेमाची ती रीतच होती. प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलायचा, अमेरिकन इंग्रजीत, इटालियन इटालियनमध्ये, स्पॅनिश स्पॅनिशमध्ये, आणि सगळं नंतर डबिंगच्या खोलीत बसवलं जायचं. त्यामुळे तिन्ही मुख्य नटांचे ओठ इंग्रजी आवृत्तीत साधारण जुळतात, टुकोच्या पाद्री भावाचे किंवा दारुड्या कॅप्टनचे जुळत नाहीत. 'मूळ भाषेत बघायचाय' म्हणून इटालियन लावली तर ईस्टवुड दुसऱ्याच माणसाच्या, एन्रिको मारिया सालेर्नो या नटाच्या, भारदस्त आवाजात बोलतो. इथे 'मूळ भाषा' अशी एकच नाहीच. आम्ही इंग्रजी निवडतो, कारण तिघांचे स्वतःचे आवाज त्यातच आहेत.

सुरुवातीची दहाएक मिनिटं कोणी बोलतच नाही. फाइल खराब आहे का?

नाही, तसंच आहे. वारा, कुत्रा, बुटांखालची खडी, बंद दाराची कुरकुर. तीन माणसं एका ओसाड गल्लीत एकमेकांकडे चालत येतात, वाटतं आता एकमेकांवर झाडणार, आणि तिघे मिळून एका घरात घुसतात. गोळ्यांचे आवाज, आणि टुको हातात खाणं धरून खिडकी फोडून बाहेर. आवाज वाढवून ठेवा, एवढीच सूचना.

चेहरे इतक्या जवळून कसे टिपले? आणि तेही एवढ्या रुंद पडद्यावर?

याच्यामागे काटकसर आहे. सिनेमा टेक्निस्कोप पद्धतीनं चित्रित झाला. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीला चार छिद्रांएवढी उंची लागते, टेक्निस्कोपमध्ये दोनच. म्हणजे तेवढ्याच फिल्ममध्ये दुप्पट चित्रीकरण: हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांऐवजी बावीस मिनिटं चालतं. चौकट आपोआप रुंद आणि बुटकी होते, म्हणून रुंद पडद्यासाठी चित्र दाबून घेणाऱ्या महागड्या ॲनामॉर्फिक भिंगांची गरज उरत नाही. साधी भिंगं चालतात, आणि साधी भिंगं जास्त जवळून फोकस होतात, शिवाय पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट ठेवायला सोपी पडतात. छायाचित्रकार टोनिनो देल्ली कोल्लीनं नेमका हाच फायदा उचलला: पुढे घामेजलेला गाल, मागे अर्धा मैल लांबचा घोडेस्वार.

तोटा एकच. निगेटिव्हचं क्षेत्रफळ निम्मं, त्यामुळे मोठं करताना दाणे दिसतात. म्हणून टीव्हीवरचं 'नॉइज रिडक्शन' बंद ठेवा. ते दाण्यांबरोबर कातडीवरच्या सुरकुत्याही पुसून टाकतं, आणि या सिनेमात सुरकुत्या म्हणजे अर्धा अभिनय आहे.

समोर अख्खी फौज तळ ठोकून बसलेली असताना टुको आणि ब्लाँडीला ती दिसत कशी नाही?

हा दोष नाही, लिओनेचा नियम आहे: चौकटीत जे नाही ते पात्रांनाही दिसत नाही. उघड्या माळावर माणूस अचानक बाजूनं चौकटीत शिरतो आणि दोघे दचकतात. प्रत्यक्षात तो मैलभरावरून दिसला असता. नदीकाठची छावणी, कब्रस्तानात टुकोच्या समोर येऊन पडणारं फावडं, सगळं याच नियमानं चालतं. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहिती द्यायची नाही, हा त्यामागचा हिशेब. एकदा हे मान्य केलं की तक्रार संपते.

शेवटची तिघांची लढत इतकी ताणलेली का वाटते?

जागेपासून सुरुवात करा. कब्रस्तानाच्या मधोमध दगडी फरशीचा गोल चौक आहे आणि भोवती कड्यांमागून कड्या अशी थडगी. ब्लाँडी खजिन्याच्या थडग्याचं नाव एका दगडाखाली लिहून तो मध्ये ठेवतो आणि तिघे कडेला सरकतात. दोघांच्या लढतीत कोणावर झाडायचं हा प्रश्न नसतो. तिघांत तोच एक प्रश्न असतो: मी पहिल्यावर झाडली तर तोवर दुसरा मला टिपणार.

आता संकलन बघा. संगीतकार मोरिकोनेचा हा तुकडा सुमारे पाच मिनिटांचा आहे आणि चित्र त्याच्या तालावर कापलेलं आहे. आधी लांबून संपूर्ण चौक, माणसं मुंगीएवढी. मग कमरेपर्यंत, मग चेहरे, मग हात आणि पिस्तुलाच्या मुठी, शेवटी नुसते डोळे. चित्रं जवळ येत जातात तसतशी छोटीही होत जातात, शेवटी सेकंदाच्या तुकड्यांवर येतात. गोळीबार स्वतः क्षणभराचा. हाताच्या जवळच्या चित्रात व्हॅन क्लीफच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नसलेलं दिसतं. ते मेकअप नाही, खरंच तुटलेलं होतं.

दुसऱ्यांदा बघताना फक्त नजरा बघा. टुकोचे डोळे भिरभिरतात, त्याला दोघांची भीती आहे. एंजल आइजही इकडून तिकडे बघतो. ब्लाँडीची नजर बहुतेक वेळ एकाच माणसावर आहे, कारण टुकोचं पिस्तूल रिकामं आहे आणि हे फक्त त्यालाच माहीत आहे. गोळ्या त्यानंच आदल्या रात्री काढलेल्या. दगडाखालीही काही लिहिलेलं नाही, कारण सोनं आर्च स्टँटनच्या थडग्याशेजारच्या निनावी कबरीत आहे.

मग ही फसवणूक झाली की नाही? आणि ब्लाँडीला 'गुड' का म्हणायचं?

झाली की. पुलापाशी दोघे आपापलं गुपित सांगायचं ठरवतात, टुको खरं कब्रस्तान सांगतो आणि ब्लाँडी खोटं नाव, आर्च स्टँटन. पण एक ध्यानात घ्या: शेवटी वाटणी मात्र सारखी होते, चार थैल्या तुला, चार मला. मरणाऱ्या सैनिकाला अंगावरचा कोट आणि सिगारचा झुरका देणाराही तोच. यापेक्षा जास्त चांगुलपणा या सिनेमात शोधू नये. आमच्या लेखी सर्वांत माणूसपण असलेलं पात्र टुको आहे, आणि वॉलकनं सिनेमा इतर दोघांच्या हातून काढून घेतला आहे.

संगीतात कोणाची ओळख कशी करायची?

मुख्य धून कोल्ह्यासारख्या कोयोटच्या आरोळीवरून बेतलेली आहे. तीच धून तिघांना वाटून दिली आहे: बासरीवर वाजली की ब्लाँडी, ओकारिनावर (मातीचं फुंकवाद्य) वाजली की एंजल आइज, माणसांच्या आवाजात आली की टुको. डोळे मिटून ऐकलं तरी कोण पडद्यावर आहे ते कळतं. टुको कब्रस्तानात सैरावैरा धावतो तेव्हाचा तुकडा 'द एक्स्टसी ऑफ गोल्ड', आणि त्यातला स्त्रीस्वर एद्दा देलोर्सोचा. मेटॅलिका हा बँड १९८३ पासून आपल्या मैफिली याच तुकड्यानं सुरू करतो. काही संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं. लिओने आणि मोरिकोने रोममध्ये प्राथमिक शाळेत एकाच वर्गात होते.

इतिहास कितपत खरा आहे?

पार्श्वभूमी खरी आहे. १८६२ मध्ये दक्षिणेचा जनरल सिबली टेक्सासमधून फौज घेऊन न्यू मेक्सिकोत शिरला आणि मार्चअखेर ग्लोरिएटा खिंडीत त्याची रसद जाळली गेल्यावर त्याला माघार घ्यावी लागली. सिनेमातली धुळीनं माखलेली, मागे हटणारी फौज तीच.

बाकी घोटाळे पुष्कळ. न्यू मेक्सिकोत रेल्वे पोचली १८७८ च्या अखेरीस, इथे मात्र कैद्यांना आगगाडीनं नेतात. अँडरसनव्हिलच्या छावणीचा उल्लेख होतो, ती उघडली १८६४ मध्ये. पिस्तुलं १८५१ च्या कोल्टसारखी दिसतात, पण त्यात धातूची काडतुसं घालतात. खऱ्या १८५१ च्या कोल्टमध्ये प्रत्येक खान्यात दारू आणि शिशाची गोळी ठासून मागे ठिणगी पाडणारी स्फोटक टोपी बसवावी लागे, सहा बार भरायला मिनिटं जात. दुकानात टुको वेगवेगळ्या पिस्तुलांचे भाग उचलून स्वतःचं पिस्तूल जुळवतो तो प्रसंग मोहक आहे, पण खऱ्या शस्त्रांवर करून बघू नये: दुसऱ्या पिस्तुलाचं सिलिंडर नळीशी सरळ रेषेत बसेलच असं नाही, आणि नाही बसलं तर गोळीचे कपचे वापरणाऱ्याच्या हातावर उडतात.

दोन लाख डॉलरचं सोनं दोन घोड्यांवर मावेल का?

हिशेब करू. २० डॉलरचं सोन्याचं नाणं ३३.४ ग्रॅमचं. दोन लाख डॉलर म्हणजे दहा हजार नाणी, म्हणजे सुमारे ३३४ किलो. आठ थैल्यांत वाटले तर एक थैली जवळजवळ ४२ किलो. प्रत्येकाच्या वाट्याला १६७ किलो, वर स्वार आणि खोगीर मिळून आणखी शंभरेक. घोडा चालेल, पण फार लांब नाही, आणि दौडणार तर नाहीच. ब्लाँडी ज्या आरामात निघून जातो ते बघून सराफ हसेल.

पूल खरंच उडवला का?

दोनदा. स्पेनमध्ये आर्लान्सा नदीवर स्पॅनिश सैन्यानं तो बांधला होता आणि उडवायचा मान एका सैन्याधिकाऱ्याला दिलेला. चित्रपथकातल्या एकाच्या बोलण्याचा अर्थ त्यानं 'उडवा' असा घेतला आणि पूल गेला. एकही कॅमेरा चालू नव्हता. सैन्यानं पूल पुन्हा बांधला, मग खरं चित्रीकरण झालं. त्या वेळी नटांनी आणखी मागे थांबायचा हट्ट ईस्टवुडनं धरला, ते बरंच झालं: उडालेले तुकडे त्यांच्या आडोशापर्यंत आले.

सेटवरच्या सुरक्षेची एकूण बोंबच होती. फाशीच्या प्रसंगात हात मागे बांधलेल्या वॉलकला घेऊन घोडा बाराच्या आवाजानं उधळला आणि मैलभर पळाला. आगगाडीखाली बेडी तोडताना डब्यांच्या लोखंडी पायऱ्या त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून जात होत्या, आणि त्यानं डोकं उचललं असतं तर संपलंच होतं. सोन्याच्या थैल्या फावड्याच्या एका घावात फाटाव्यात म्हणून वापरलेलं ॲसिड त्याच्या पेयाच्या बाटलीशेजारी ठेवलेलं होतं. तो त्याचा घोट घेऊन बसला, वेळीच थुंकला म्हणून वाचला.

'शोले'शी काय नातं?

लिओनेची छाप 'शोले'वर (१९७५) आहे, पण ठळक साम्य या सिनेमाशी नाही. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग लिओनेच्या १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची आठवण करून देतो.

मुलांना दाखवावा का?

रक्त कमी, क्रौर्य जास्त. छावणीत कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असताना टुकोला बडवतात तो प्रसंग लहानांना जड जाईल. बारा-तेराच्या पुढे हरकत नसावी, पण पहिल्या अर्ध्या तासात कंटाळून उठतील ही तयारी ठेवा.

ते कब्रस्तान बघता येतं का?

येतं. ते खरं कब्रस्तान कधीच नव्हतं. स्पेनच्या बुर्गोस प्रांतात, सांतो दोमिंगो दे सिलोस आणि कोन्त्रेरास या गावांच्या मधल्या खोऱ्यात सैन्यानं सुमारे ५००० खोटी थडगी उभारली होती. चित्रीकरणानंतर माती आणि गवतानं सगळं गिळलं. २०१५ पासून स्थानिक संस्थेनं आणि स्वयंसेवकांनी मधला दगडी चौक खणून मोकळा केला आणि थडगी पुन्हा रचली. देणगी देणाऱ्याचं नाव क्रुसावर लिहायची त्यांची पद्धत आहे, त्यामुळे तिथे आज बऱ्याच जिवंत माणसांची थडगी दिसतात.

माद्रिदहून बुर्गोस साधारण २४० किलोमीटर, तिथून सिलोस सुमारे ६०. सार्वजनिक वाहनांची फार आशा धरू नका, गाडी भाड्यानं घ्या. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा लागतो. शेवटची चार-पाच किलोमीटर कच्ची वाट आहे, पावसात चिखल होतो, हिवाळ्यात बर्फ. सावली नाही, दुकान नाही, पाणी सोबत हवं. पुलाची जागा आणि मठाचं आतलं चित्रण झालेलं सान पेद्रो दे आर्लान्सा याच भागात आहे, एका दिवसात होतं. वाळवंटाचे प्रसंग मात्र थेट दक्षिणेला आल्मेरियात झाले, इथून सुमारे ८०० किलोमीटर. दोन्ही एकाच सहलीत बसवायचं असेल तर मध्ये किमान एक मुक्काम धरा.